शेऱ्याचा रकाना

त्या दुपारी मालेगाव स्टँडवर मला कोणीही भेटलं असतं तरी चाललं असतं, फक्त धम्मरत्न नको होता. आणि नेमका तोच फुलचंदकाकांच्या टपरीवर बसलेला. मांडीवर पिशवी, हातात गार झालेला चहा. मला पाहून असा काही उठला की अर्धा चहा पँटवर सांडला.

"रंजीता... तू इथं?"

"काहून? स्टँड तुह्या नावावर आहे काय?"

पंधरा दिवसांपासून आमचं बोलणं बंद होतं. म्हणजे मी बंद केलं होतं.

उन्हाळ्यात आम्ही दोघं कोकणातल्या एका खाडीवर चाळीस दिवस इंटर्न होतो. मी जऊळक्याची, तो रिसोडचा. तोवर दोघांनीही समुद्र मोबाईलवरच पाहिलेला. खाडीच्या पाण्याचा खारेपणा भरती-ओहोटीला किती बदलतो ते मोजायचं, हे माझं काम. त्याचं काम खेकड्यांची बिळं मोजायची. मी गुडघाभर चिखलात उभी राहून आकडा मोठ्यानं म्हणायचे, मग वहीत लिहायचे. तो काठावर दोर धरून बसायचा. दोराचं दुसरं टोक माझ्या कमरेला बांधलेलं, रुतले तर ओढून काढायला.

"नीट धरलं ना?" मी विचारायचे.

"आता सोडतो काय..." असं म्हणायचा, आणि त्याचे कान लाल व्हायचे. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला सांगू?

शेवटच्या दिवशी घोटाळा झाला. जेवायला जाताना त्यानं माझी वही काठावरच्या उंचवट्यावर ठेवली, आपण शेतात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, डबा ठेवतो तशी. आमच्याकडे नदी उन्हाळ्यात एकदा उतरली की पाऊस पडेपर्यंत थोडीच परत येते! तिकडे भरती दिवसातून दोनदा येते आणि अमावास्येला नेहमीपेक्षा वर चढते. अमावास्या आम्ही साफ विसरलो. परत आलो तर वही नाही आणि उंचवटाही नाही. 'रोज पानांचे फोटो काढून ठेव,' असं आमचं काम बघणाऱ्या मॅडम सांगायच्या. मी रोज म्हणायचे, उद्या काढते.

मग मी सगळ्यांसमोर त्याला नाही नाही ते बोलले. 'ठेव तिथं धुऱ्यावर, कोण नेते?' असं म्हणणारी मीच होते, हे फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. त्यानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. त्याचाच मला जास्त राग आला.

आज पाच वाजेपर्यंत अहवाल पाठवायचा होता. तो पसंत पडला तर पुढचं पूर्ण वर्ष खाडीवर काम मिळणार होतं. आणि माझ्याकडे एकही आकडा नव्हता. 'मला जमणार नाही' असं मॅडमना कळवायचं, तेही घरी आईसमोर, एवढी माझ्यात हिंमत नव्हती. म्हणून मालेगावला येऊन तोंड लपवत फिरत होते.

"पोरी, याले घेऊन जाय बरं," फुलचंदकाका म्हणाले. "सकाळपासून बसून राह्यला. जऊळक्याच्या तीन जीपा सोडल्या यानं. चढते अन् उतरते."

मी धम्मरत्नकडे पाहिलं. "जऊळक्याले काय काम होतं तुह्यं?"

त्यानं पिशवीतून खेकड्यांची वही काढली आणि माझ्यापुढे धरली. "मागून उघड."

मी उघडली. तारीख, वेळ, खारेपणा. पहिल्या दिवसापासूनचे माझे सगळे आकडे, त्याच्या तिरप्या अक्षरात.

"तू मोठ्यानं बोलायची," तो म्हणाला, "मी लिहून घ्यायचो. दुसरं काय काम होतं काठावर..."

मी बाकावर बसले. "अन् पंधरा दिवस मले रडू दिलं? काहून नाही सांगितलं?"

"शेऱ्याचा रकाना वाच."

खारेपणा बावीस. शेरा: चप्पल रुतली, रागावली मलेच.
खारेपणा अठरा. शेरा: आज हसली. दोनदा.
खारेपणा सव्वीस. शेरा: केस मोकळे. मले बिळं मोजता नाही आली.

आणि प्रत्येक दिवसाखाली तेच दोन शब्द: उद्या सांगतो. चाळीस दिवस.

मला हसूही येत होतं आणि डोळेही भरून येत होते. मी फोटो उद्या काढणार, हा उद्या सांगणार. चांगली जोडी जमली होती.

"काय सांगणार होता?"

तो पँटवरच्या चहाच्या डागाकडे बघत राहिला. "तुले माहीत आहे."

"मले नाही माहीत. मोठ्यानं बोल, मी बोलायची तसं."

"मले तू आवडते," तो म्हणाला. इतक्या मोठ्यानं की फुलचंदकाकांनी स्टोव्ह बारीक केला. मग आवाज एकदम खाली. "तुले नसंल पटत तर राहू दे. पण आकडे घेऊन जाय. तुह्ये आहेत ते."

मी त्याच्या खिशातला पेन काढला. शेवटच्या ओळीखाली आजची तारीख लिहिली. ठिकाण: मालेगाव स्टँड. खारेपणा: थोडासा, डोळ्यांत. मग शेऱ्याच्या रकान्यात जरा वेळ लावून लिहिलं आणि वही त्याच्याकडे सरकवली.

'धुऱ्यावर ठेव म्हणणारी मीच होती. माफ कर. मले बी तू आवडतो. दोर सोडू नको.'

त्यानं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना कान लाल झाले.

"पाचला अजून तीन तास आहेत," मी म्हणाले. "तू आकडे सांग, मी लिहिते. शेरे सोडून."

"जऊळका, जऊळका..." पलीकडे जीपवाला ओरडत होता. भरली तशी जीप निघून गेली.

"चौथी बी गेली," फुलचंदकाका म्हणाले आणि न विचारता दोन चहा ठेवून गेले.