काचेचा शेवटचा कोपरा

पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला, टप्पकन आवाज झाला आणि बाबांच्या जुन्या पिकअपच्या समोरच्या काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला. मी कशीबशी गाडी बाजूला घेतली. नशीब बघा, नेमकी काचा बसवणाऱ्या गॅरेजसमोर!

आतून तो हात पुसत आला. गाडीभोवती फेरी मारली, मग माझ्याकडे बघितलं.

"गाडी आणलीत, की पणजोबांना घेऊन आलात?"

"पणजोबा अजून घाट चढतात. तुम्हाला काच बदलता येते का, तेवढं सांगा."

"येते हो. पण मिळायला हवी ना! या वयाला चष्मा लगेच मिळत नाही."

मला राग यायला हवा होता. आलं मात्र हसू. आधी बाबा गेले, मग ताई गेली... त्यानंतर मी घरात मोठ्याने हसलेच नव्हते.

काच काढायला त्याच्या मदतीला कोणी नव्हतं, म्हणून मलाच जुंपलं. त्याने जुनं रबर सुरीने कापलं, आत बसून तळव्यांनी काच हलकेच रेटली, आणि मी बाहेरून ती झेलून धरली. काच बाजूला ठेवून वळले तर तो तिथेच, रिकाम्या चौकटीत, अगदी हातभर अंतरावर.

"पापण्यांवर रबराचा चुरा बसलाय तुमच्या," मी म्हणाले.

"राहू द्या. दृष्ट लागायची नाही."

असा आगाऊ! घरी जाईपर्यंत मी त्याला मनातल्या मनात चांगली उत्तरं देत होते.

त्या मॉडेलची काच आता बनतच नव्हती. भंगारातल्या गाड्या धुंडाळाव्या लागणार होत्या. मी रोज विचारायला जायचे. तो चहा पुढे करून म्हणायचा, "आज नाही मिळाली." मीही तोंडदेखलं "अरेरे" म्हणायचे आणि चहा सावकाश प्यायचे. 'तुम्ही'वरून 'तू'वर आम्ही कधी घसरलो, दोघांनाही कळलं नाही.

खरं तर काच मिळाली की मला जायचं होतं. ताईची मुलगी जेमतेम चालायला लागलेली, भाऊजी एकटे, आणि त्यांचं गाव डोंगरापलीकडे लांब. आई आणि मी कायमच्याच तिकडे राहायला निघालो होतो. सामान बांधून दाराशी पडलं होतं. अडलं होतं ते काचेपायी.

"माझ्या वडिलांना दिसत नाही," मी जाणार हे कळल्यावर एकदा तो आपणहून म्हणाला. "पण घराचा उंबरठा, जिना, नळ, सगळं त्यांच्या पायांना पाठ आहे. त्यांना दुसरीकडे नेलं तर... आंधळे होतील बघ ते."

मी त्याला काहीच विचारलं नव्हतं. तरी उत्तर मिळालं.

मग एका दुपारी, चोरी पकडल्यासारखं तोंड करून तो म्हणाला, "मिळाली."

काच बसवणं हेही दोघांचं काम. रबर काचेवर चढवायचं, त्याच्या खाचेत दोरी घालायची, वर साबणाचं पाणी लावायचं. मग एकाने बाहेरून काच दाबायची, दुसऱ्याने आत बसून दोरी ओढत जायची. दोरी सुटत जाते तशी रबराची कड पत्र्यावर चढते. आत मी, बाहेर तो, मध्ये काच. दारं उघडी होती म्हणून एकमेकांचं बोलणं ऐकू येत होतं.

शेवटच्या कोपऱ्याला दोरी अडकली.

"थांब!" तो म्हणाला. "जोर नको लावूस. फुटेल."

"फुटली तर?"

"तर दुसरी शोधायची." त्याची नजर माझ्यावरून हलेना. "ही मिळायलाच एवढे दिवस लागले..."

मी दोरी मुठीला गुंडाळली. एक हिसका, बस्स! जुनी गाडी, जुनी काच, कोण दोष देणार होतं मला? माझ्या मनात काय चाललंय ते त्याला दिसलं होतं. आणि त्याचा तळवा काचेवर गरजेपेक्षा जड पडला होता, हे मीही पाहत होते.

"तुझी भाची..." तो म्हणाला, "झोपते का गं नीट?"

"नाही. ताईला शोधत घरभर फिरते म्हणे."

त्याने हात सैल सोडला. कोपऱ्यावर पुन्हा साबणाचं पाणी लावलं.

"हळू," तो म्हणाला. "अगदी हळू ओढ."

मी ओढली. रबर चढलं. काच नीट बसली.

तो वळसा घालून दाराशी आला.

"मला तू फार आवडतेस."

"हे आत्ता सांगतोस?"

"आधी सांगितलं असतं तर तुझा हात हलला असता."

"मलाही तू... तुला माहितीये."

"माहितीये."

"मग एकदा राहा म्हण ना. एकदाच."

"म्हटलं तर तू राहशील." माझ्या मुठीला गुंडाळलेली दोरी तो एकेक वेढा करून सोडवत होता. "म्हणून नाही म्हणत."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडले, अगदी हमसून हमसून. तो दार धरून उभा राहिला. माझं रडणं ओसरल्यावर त्याने खिशातला रुमाल पुढे केला.

"डोळे नीट पूस," तो म्हणाला. "घाटात वळणं फार आहेत."