भिंगाशेजारचा शब्द

डॉक्टरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांच्या काखेत एक ससा होता आणि ते माझ्या मावशीचा फोटो शोधत होते.

म्हणजे मावशीने पाठवलेला फोटो. मावशी घरी गुडघा आखडून बसली होती, म्हणून तिच्या मांजराला पट्टी बदलायला मी घेऊन आले होते. मांजराचं नाव भोपळ्या, आणि वजनही नावाला साजेसं. टोपली टेबलावर ठेवून मी हात झटकले तर डॉक्टर एका हाताने फोनवर अंगठा फिरवत होते... वर, वर, आणखी वर.

"पंजा आधी किती सुजला होता ते बघायचंय. फोटो आहे इथेच कुठेतरी," ते पुटपुटले. "पण तुमच्या मावशी रोज गुलाब पाठवतात. सगळं गुलाबांखाली गेलंय."

"मग सर्च करा ना."

"आहे का तशी सोय?"

"वर तीन टिंबं आहेत बघा. ती दाबा. आता 'आणखी' दाबा. आता खाली सरका... अजून खाली."

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. डोळे दमलेले होते, पण कडेला हसू होतं. "हे ज्यानं इथं ठेवलंय, त्याचं आयुष्यात कधी काही हरवलेलं नसणार."

मी गप्प बसायला हवं होतं. बसले नाही. "हे चॅटचं ॲप आमच्या कंपनीचं आहे. मी तिथे डिझायनर आहे."

"अरे बापरे. म्हणजे तुम्ही..."

"मी नाही ठेवलं. मी लागायच्या आधीपासून ते तिथेच आहे. मी ते बाहेर काढायच्या मागे लागलेय."

"मग जरा लवकर काढा," ससा दुसऱ्या काखेत सरकवत ते म्हणाले, "माझा अंगठा आणि हे ससेमहाराज, दोघंही कंटाळलेत."

घरी आल्यावर मावशीने विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" मी म्हटलं, "चार दिवसांनी परत आणा म्हणाले." ते तसं काही म्हणाले नव्हते. भोपळ्याने माझ्याकडे असं काही बघितलं की मी स्वयंपाकघरात निघून गेले.

ऑफिसमध्ये माझी लढाई आधीच सुरू होती. आमच्या विभागप्रमुख बाईंना आम्ही त्यांच्या पाठीमागे 'सरकार' म्हणायचो, कारण त्यांच्या सहीशिवाय स्क्रीनवरचं एक टिंबही हलायचं नाही. बाई कडक होत्या, पण ऐकून घ्यायच्या.

"चॅटच्या वरच्या पट्टीत जागा किती असते ते तुला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तिथं कॉलचं बटण आहे, स्टिकरचं आहे. सर्च कितीजण वापरतात? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्यासाठी मी स्टिकर हलवू?"

"वापरत नाहीत, कारण दिसतच नाही."

"हे तुला वाटतं. मला दाखव. माणसं तुझं बटण बघतात, ओळखतात आणि त्यांचं हरवलेलं त्यांना मिळतं, एवढं दाखव. मग मी स्वतः वर जाऊन भांडते."

माणसं कुठून आणायची? ऑफिसातल्या सगळ्यांना सगळंच येत होतं. मला अशी माणसं हवी होती, जी खरंच काहीतरी शोधतायत आणि वैतागलीयत. हा विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर एक बाकडं आलं. काचेच्या दारामागचं, जंतुनाशकाच्या वासाचं, केसांनी भरलेलं बाकडं.

भोपळ्याचा पंजा पूर्ण बरा झाला होता तरी मी त्याला घेऊन गेले.

"याला काहीही झालेलं नाही," डॉक्टर पंजा चाचपत म्हणाले.

"माहीत आहे."

"मग?"

"मला तुमच्या बाकड्यावर बसू द्याल? माझ्याकडे चाचणीचा फोन आहे, नवीन मांडणीचा. आलेल्या लोकांना विचारीन, हो म्हणाले तरच दाखवीन. फक्त बघायचंय, की त्यांना सापडतं का."

त्यांनी हातमोजे काढले. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे होते, जुने, नवे, काही फार ताजे. "बसा की. पण एक अट आहे. तुमच्या मांजराला घरी ठेवून येत जा. त्याला उगाच दवाखान्यात यायला लागतं आणि राग माझ्यावर काढतं."

म्हणजे मांजराशिवाय आले तरी चालणार होतं. मी हे वाक्य घरी जाताना रस्ताभर पुन्हापुन्हा मनात म्हणून पाहिलं.

बाकड्यावर मला जे कळलं ते कुठल्याच मीटिंगमध्ये कळलं नसतं. मी वरच्या पट्टीत एक छानसं भिंग ठेवलं होतं, बारीक रेषेचं, गोल. त्या भिंगावर माझं फार प्रेम होतं. पहिल्याच सकाळी एक निवृत्त पोस्टमास्तर पोपट घेऊन आले. मी त्यांना म्हटलं, समजा, यात तुमच्या मुलीने पाठवलेला पत्ता कुठेतरी आहे, काढून दाखवाल? त्यांनी स्क्रीन नीट न्याहाळली, भिंग दाबलं आणि फोन डोळ्यांजवळ नेला.

"अक्षरं मोठी होत नाहीयेत," ते म्हणाले.

"अक्षरं मोठी कशाला होतील, आजोबा?"

"भिंग आहे ना हे? मग भिंगानं काय होतं?"

आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला, मग खोकला. डॉक्टर हसू दाबत होते. मला राग आला... आणि मग मलाही हसू आलं. आजोबांचं अगदी बरोबर होतं. भिंगाने अक्षरं मोठीच होतात.

त्या दिवशी मी भिंगाशेजारी एक शब्द लिहिला. 'शोधा'. स्टिकरचं बटण काढून मी ते खाली, लिहायच्या चौकटीजवळ नेलं आणि त्याच्या जागी हा शब्द बसवला. भिंग दाबल्यावर खाली तीन छोट्या चौकटी उघडत होत्या: फोटो, कागद, आवाज. म्हणजे कुणाला शब्द आठवला नाही तरी निदान ते काय होतं एवढं तरी आठवेल.

"शब्द लिहिल्यावर तुमच्या त्या नाजूक भिंगाची शोभा गेली की," डॉक्टर चहाचा कप माझ्यापुढे ठेवत म्हणाले.

"शोभेपेक्षा सापडणं महत्त्वाचं."

"हं... मग मीही पाटी लावू का स्वतःवर?"

"कसली?"

"ते अजून ठरवलं नाही," म्हणत ते घाईघाईने आत गेले. आत त्या वेळी एकही पेशंट नव्हता.

मावशी मला लहानपणापासून 'खारुताई' म्हणते, एका जागी बसवत नाही म्हणून. फोनवर डॉक्टरांना ती कधी बोलून गेली कोण जाणे, पण पुढच्या आठवड्यात मी दार ढकललं तर आतून आवाज आला, "आल्या का खारुताई?" मी चिडल्यासारखं केलं. जमलं नाही.

मग एका सकाळी तो प्रसंग घडला.

एक सुतार आपली कुत्री हातावर घेऊन धावत आला. मधमाश्यांनी तिचं तोंड फोडून काढलं होतं, श्वास घरघरत होता. डॉक्टरांनी तिला टेबलावर घेतलं, एका हाताने जबडा धरला, दुसऱ्याने औषधाच्या कपाटातून एक बाटली काढली आणि थांबले.

"हिला एक इंजेक्शन बाधलं होतं ना मागे? आधीच्या डॉक्टरांनी दिलेलं?"

"हो... हो. नाव मी तुम्हाला पाठवलं होतं," सुतार म्हणाला. त्याचा फोन घरी राहिला होता. "नाव नाही आठवत, डॉक्टर. खरंच नाही आठवत."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "खारुताई, माझा फोन. खिशात आहे."

मी त्यांच्या कोटाच्या खिशातून फोन काढला. त्यात जुनंच ॲप होतं. सुताराचं चॅट उघडलं. तीन टिंबं, आणखी, खाली, अजून खाली... माझी बोटं वाट ओळखत होती, तरी तो रस्ता त्या क्षणी मला फार लांबचा वाटला. मी लिहिलं, 'ॲलर्जी'. काही नाही. 'इंजेक्शन'. लसीकरणाचे निरोप, दुसरं काही नाही.

"तुम्ही काय लिहिलं होतं?" मी सुताराला विचारलं. "नाव राहू द्या. तिला काय झालं होतं, ते तुमच्या शब्दांत सांगा."

"तोंड... तोंड भोपळ्यासारखं फुगलं होतं."

मी 'फुगलं' लिहिलं. एकच निरोप वर आला. त्यात औषधाचं नाव होतं. मी ते मोठ्याने वाचलं. डॉक्टरांनी हातात घेतलेली बाटली परत ठेवली आणि शेजारची उचलली.

थोड्या वेळाने कुत्रीची घरघर मंदावली. सुतार भिंतीला टेकून खाली बसला आणि तोंडावर रुमाल धरून रडला. मी बाहेर बाकड्यावर येऊन बसले.

डॉक्टर हात धुऊन माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "आज तुम्ही नसता तर?"

"तोच तर प्रश्न आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "मी नसले तरी सापडायला हवं. तुम्हाला, त्यांना, कुणालाही. त्यासाठी माझ्यासारखं कुणी शेजारी असावं लागणं, हेच चुकलंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत कौतुक होतं, आणि आणखी काहीतरी होतं... मी मान खाली घातली आणि बाहीवरचा कुत्रीचा केस उचलत बसले.

दुसऱ्या दिवशी मी सरकारांसमोर उभी राहिले. सुताराची परवानगी घेऊनच गेले होते. पोस्टमास्तरांचं भिंग सांगितलं, तेव्हा खोलीत हशा पिकला. कुत्रीचं सांगितलं, तेव्हा कुणी हसलं नाही. मग मी दोन फोन टेबलावर ठेवले, एक जुन्या मांडणीचा, एक नव्या. म्हटलं, "बाई, तुम्ही मला पाठवलेला एखादा जुना निरोप शोधा. आधी यात. मग यात."

सरकारांनी जुना फोन घेतला. तीन टिंबांपर्यंत पोचल्या, तिथून सेटिंगमध्ये गेल्या, परत आल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली. मग नवा घेतला. अंगठा थेट त्या शब्दावर गेला.

"हं," त्या म्हणाल्या. एवढंच. पण त्याच दुपारी त्या वर गेल्या आणि ठरल्याप्रमाणे भांडल्या. बंद दारातून त्यांचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. आधी थोड्या लोकांना नवी मांडणी देऊन पाहिली. जे शोधत नव्हते ते शोधू लागले, आणि ज्यांना मिळत नव्हतं त्यांना मिळू लागलं. मग ती सगळ्यांच्या फोनवर गेली.

त्या निमित्ताने ऑफिसात छोटासा समारंभ ठेवला, घरच्यांनाही बोलावलं. मावशी काठी टेकत आली, सोबत डॉक्टरांना घेऊन. "मला जिना चढवायला कुणीतरी नको का?" ती म्हणाली. आमच्या ऑफिसात लिफ्ट आहे. ते तिला ठाऊक होतं. डॉक्टरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्यालाही खांद्यावर मांजराचे केस होतेच.

मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी पोस्टमास्तरांबद्दल बोलले, सुताराबद्दल बोलले आणि म्हटलं, "आम्ही नवीन काहीच बनवलं नाही. असलेलं दिसेल असं ठेवलं, इतकंच." टाळ्या झाल्या. मावशी शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला सांगत होती, "माझी भाची. बहिणीची मुलगी. लहानपणी मीच सांभाळलीय हिला." तो माणूस आमचा हिशेबनीस होता, त्याने तिसऱ्यांदा मान डोलावली. डॉक्टर मात्र टाळ्या वाजवायचे विसरून नुसते बघत होते. इतक्या सरळ, इतक्या उघड अभिमानाने माझ्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं. माझे कान तापले.

सरकार माझ्याबरोबर त्यांच्यापाशी आल्या. "मावशींची ओळख झाली. आणि आपण? आपण हिचे कोण?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. ओरखड्यांचे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ते मागे बांधले.

"ते... ते अजून पूर्ण ठरलेलं नाही," ते म्हणाले. "माझ्या बाजूने ठरलंय. केव्हाच. यांना विचारायचं राहिलंय."

"मग विचारा की," सरकार म्हणाल्या. त्यांच्या स्वरात मीटिंगची सवय होती.

"इथेच?"

"इथे काय वाईट आहे?"

ते माझ्याकडे वळले. आवाज अगदी खाली आला. "आज तुम्हाला तिथं उभं बघून मला फार अभिमान वाटला. पण मला तो पाहुण्यासारखा वाटून घ्यायचा नाहीये, खारुताई. घरच्यासारखा वाटून घ्यायचाय. चालेल?"

मावशीने काठी घट्ट धरली. सरकार चक्क खाली जमिनीकडे बघू लागल्या. मला वाटलं होतं, अशा वेळी माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. पण तो फुटला, स्वच्छ फुटला, आणि आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू गेला तरी मला त्याची पर्वा नव्हती.

"बाई, हे डॉक्टर," मी सरकारांना म्हटलं आणि डॉक्टरांच्या खांद्यावरचा मांजराचा केस चिमटीत उचलला. "हे माझे आहेत."