चवीचा रकाना

"ओट्सचं पेय आहे," एवढंच साहेबांनी सांगितलं, आणि कामाच्या गडबडीत चेलनाही पुढचं काही विचारायचं विसरली. जळगावच्या ज्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती, तिथे खाण्यापिण्याच्या वस्तूंचा रंग, वास, चव तपासून अहवाल देत. केळीचे वेफर्स, तूरडाळ, शेंगदाणा तेल... काहीही आणा. चेलनाचं नाक तर तिथे नावाजलेलं. तिला वाटलं, ओट्सचं दूध असेल. दुपारची एसटी पकडून ती धुळ्याला आली, रिक्षाने महामार्गावरच्या त्या हॉटेलात पोचली आणि काचेपलीकडच्या उंच स्टीलच्या टाक्या पाहून दारातच थबकली.

नेमका त्याच वेळी एक तरुण हातात भरलेला ग्लास घेऊन, पाठीने दार ढकलत बाहेर आला. टक्कर व्हायची ती झालीच. फेस सगळा तिच्या ओढणीवर!

"सॉरी, सॉरी! तुम्ही लॅबच्या मॅडम ना? मी योगेंद्र. ही बिअर मीच बनवतो."

"बिअर?"

"ओट्सची. तीच तर तपासायला आलात ना तुम्ही?"

"पण... मी पीत नाही. आम्ही जैन आहोत."

गल्ल्यावर बसलेले मालक वनाभाऊ हे ऐकून उभेच राहिले. "मंग तुम्ही कसाले उनात, ताई?"

कशाला आलात, हा प्रश्न रास्तच होता. चेलनाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. पण रिकाम्या हाताने परत जाणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने पिशवीतून छापील तक्ता काढला, ओढणी मागे टाकली आणि खुर्ची ओढून बसली.

"रंग, फेस आणि वास, हे तीन रकाने मी भरते. चव आणि तोंडात कसं लागतं, हे दोन यांनी भरायचे. फक्त खोटं बोलायचं नाही."

"स्वतःच्या बिअरबद्दल?" योगेंद्र हसला. "कठीण आहे."

"म्हणून तर सांगितलं."

वनाभाऊंची तक्रार साधी होती. "ताई, बठ्ठा लोके म्हनतस, हाई बियर गढूळ शे." गिऱ्हाइकं ग्लास परत पाठवत होती. आता चेलनाचा अहवाल काय येतो ते बघायचं, नाहीतर त्या टाकीत नेहमीची पिवळीधमक बिअर करायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. योगेंद्र अमळनेरजवळच्या शेतकऱ्याच्या घरातला. पुण्याला पाच वर्षं हे काम शिकून आला होता. बाकीच्या बिअर त्याने तिथल्या पाहून केल्या. ही एकच त्याची स्वतःची होती, आणि ती बंद झाली असती तर त्याचं इथे मन लागलं नसतं.

चेलनाने ग्लास खिडकीच्या उजेडात धरला. डिसेंबरचं ऊन त्यातून आरपार जाईना. उसाच्या ताज्या रसासारखा धुरकट रंग, वर पांढरा, दाट फेस.

"ओट्स घातले की हा धुरकटपणा येणारच," तिने लिहिता लिहिता सांगितलं. "हा दोष नाही."

"हेच मी कधीपासून सांगतोय! तुम्ही आधी का नाही आलात?"

तिने वर पाहिलं. तो गंमत करत नव्हता. मग तीच उगाच पेनाचं टोपण शोधू लागली... ते हातातच होतं.

"चव सांगा."

त्याने घोट घेतला. "छान."

"छान ही चव नाही."

"बरं. आधी संत्र्याच्या सालीचा कडवटपणा. मग... लहानपणी ताप आला की आई पेज द्यायची, तशी. मऊ. घशाला न बोचता उतरते."

चेलनाने हे शब्दन् शब्द लिहून घेतलं. आयुष्यात कधी न चाखलेली गोष्ट तिला क्षणभर जिभेवर आल्यासारखी वाटली. माणूस इतका नीट बोलत असेल, तर त्याच्यापुढे जपूनच बसायला हवं, असंही तिला वाटून गेलं.

मग तिने ग्लास नाकाशी नेला. पिकलेला आंबा, अननस, संत्रं... आणि खाली, अगदी तळाशी, काहीतरी वेगळंच. तिने पुन्हा वास घेतला.

"डब्याच्या तळाशी राहिलेले जुने शेंगदाणे," ती म्हणाली. "खवट. लोक गढूळ म्हणून परत पाठवत नाहीत. त्यांना हा वास खटकतोय, पण नाव देता येत नाही."

योगेंद्रचं हसू मावळलं. त्याने घोट घेतला, डोळे मिटले, पुन्हा एक घेतला. "आहे," तो हळूच म्हणाला. "रोज पिऊन मला सवय झाली असणार. ओट्सचं पोतं दाखवतो, चला."

कोठीत पोतं होतं. चेलनाने मूठभर ओट्स काढून हुंगले. तोच वास. मग तिचं लक्ष पोत्यावरच्या निळ्या शिक्क्याकडे गेलं आणि मूठ तशीच राहिली. शिक्का होता 'झुंबरलाल धान्य भांडार, जळगाव'.

"काय झालं?"

"झुंबरलाल माझे आजोबा. दुकान आता पप्पा चालवतात. आमच्या दुकानातून कोणाला वाईट माल गेला, असं कधी झालेलं नाही. निदान पप्पा तरी तसंच सांगतात."

योगेंद्र पोत्याचं तोंड बांधू लागला. मग म्हणाला, "मग लिहू नका. साठवण चुकली असं लिहा. कोठी माझ्याच ताब्यात आहे."

"आणि तुमची टाकी?"

"जाईल. दुसरं काहीतरी करीन."

"खोटं बोलायचं नाही, असं ठरलं होतं आपलं," ती जरा रागानेच म्हणाली. राग त्याच्यावर कमी होता आणि तो इतका चांगला निघाला यावर जास्त.

तिने तक्ता घडी करून पिशवीत टाकला. सही अजून व्हायची होती. खिडकीतून तिने सूर्याकडे पाहिलं. योगेंद्रच्या ते लक्षात आलं.

"उशीर होतोय?"

"सूर्य मावळल्यावर मी जेवत नाही. एसटीत तर काहीच व्हायचं नाही."

तो धावत बाहेर गेला. परतला तेव्हा हातात अर्धा डझन केळी आणि भाजलेल्या शेंगांची पुडी होती. "साडेपाच झालेत. वीस मिनिटं आहेत तुमच्याकडे. बसा." ती खात होती तोवर तो घड्याळाकडे बघत समोर उभा होता. इतक्या लक्षपूर्वक तिला कोणी जेवू घातलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रयोगशाळेत जाण्याआधी दुकानात गेली. तिथे ओट्सचं एक पोतं उरलं होतं. "पप्पा, याला वास येतोय," तिने सरळ सांगितलं. पप्पांनी चार दाणे तोंडात टाकले, चावले आणि थुंकले. त्यांचा चेहरा उतरला.

"पावसाळ्याआधीचा माल आहे. मला कळायला हवं होतं. याच्या जोडीचं कुठे गेलं?"

"धुळ्याला. बिअरमध्ये."

पप्पा गादीवर बसले. ओट्स हॉटेलातल्या नाश्त्यासाठी जातात, असं ते समजत होते. बराच वेळ ते तराजूकडे बघत राहिले.

"आपण वाईट माल दिला. तो बदलून द्यायचा," शेवटी ते म्हणाले. "त्यानंतर तिथे एक दाणाही विकायचा नाही."

"आणि मी अहवालात दुकानाचं नाव लिहिणार आहे."

"लिही. तुला तसंच शिकवलंय." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. त्यांना लागलं होतं, आणि चेलनालाही. पण त्याच दिवशी अहवालावर तिची सही झाली. दोष ओट्सचा, बनवणाऱ्याचा नाही.

वनाभाऊंनी अहवाल दोनदा वाचला आणि योगेंद्रला आणखी एक संधी दिली.

दहा दिवसांनी टेम्पोतून नवं पोतं आलं, आणि टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसून चेलना. पोतं पोचवायला तिची गरज नव्हती, हे टेम्पोवाल्यालाही कळत होतं. योगेंद्रने पोतं उघडून तिच्यापुढे धरलं. तिने हुंगलं आणि मान हलवली.

"आता परवा या," तो म्हणाला. "पाचच्या आत."

"परवा? बिअर व्हायला तर पंधरा-वीस दिवस लागतात ना?"

"या तर खरं."

तिसऱ्या दिवशी ती आलीच. रजा टाकून आली. योगेंद्र एरवी दुपारचं सगळं आवरून मग पाणी तापवायला घ्यायचा. त्या दिवशी मात्र त्याने पहाटे चारला काम सुरू केलं होतं. डोळे लाल, बाह्या वर, हाताला धान्याचा चिकटा. त्याने मोठ्या भांड्याच्या तोटीतून वाफाळता, धुरकट रस वाटीत घेतला आणि फुंकर घालून तिच्यापुढे ठेवला.

"हा नुसता जवाचा आणि ओट्सचा गोड रस. अजून आंबायला घातलेला नाही, बिअरला कडवटपणा देणारी फुलंही टाकलेली नाहीत. बिअर उद्यापासून व्हायला लागेल. आज हे... तुम्हाला चालेल असं आहे. सूर्यही वर आहे."

चेलना वाटीकडे बघत राहिली. मग तिने घोट घेतला. कोमट, गोड, मऊ. अगदी पेजेसारखा.

"चव कशी आहे?"

"छान," ती म्हणाली.

"छान ही चव नाही."

ती हसली आणि हसता हसता डोळे भरून आले. पिशवीतून तिने कोरा तक्ता काढला, चवीच्या रकान्यात या वेळी स्वतः चाखून दहापैकी दहा लिहिले. योगेंद्र वाकून बघत होता. खूप जवळून.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "हे कुठल्या रकान्यात बसतं, मला माहीत नाही. मी बिअर बनवतो, तुमच्याकडे नाव काढलेलंही चालायचं नाही... पण खोटं बोलायचं नाही, असं ठरलं होतं."

"ठरलं होतं," ती म्हणाली. पेनाचं टोपण या वेळी तिने नीट लावलं. "मलाही आवडता. पहिल्या दिवसापासून. केळी आणलीत तेव्हापासून तर नक्कीच."

"मग पप्पांना...?"

"पोत्याचं सांगितलं ना? तसंच हेही सांगणार. ते रागावतील. दोन दिवस बोलणार नाहीत. पण मी त्यांच्यापासून लपवलं, असं त्यांना कधी म्हणता येणार नाही."

"कधी सांगणार?"

तिने खिडकीतून सूर्याकडे पाहिलं. मग वाटी पुन्हा त्याच्यापुढे केली.

"उद्या. सकाळी दुकान उघडलं की. आत्ता अजून थोडं द्या, पाऊण तास आहे."