रस्सा बुडाला लागला नाही

लिबोरियोच्या खोलीचं दार असुंताआजीनं छत्रीच्या दांड्यानं वाजवलं. रविवार, सकाळचे सव्वाअकरा. अंगात चर्चला जायचा काळा झगा, आणि तोंड असं की खालच्या न्हाव्याचा पोपटसुद्धा गप्प झाला.

"माझा खल चोरला," ती म्हणाली. "आईचा, पितळी. कुणी नेला तेही मला ठाऊक आहे. तू फक्त सिद्ध कर."

"मग पोलिसांकडे जा ना, आजी."

"पोलीस आले की जेवूनच जातात."

नेपल्सच्या सानिता वस्तीत लिबोरियो हा एकटा खाजगी शोधक. पळालेले नवरे शोधायचा त्याचा मूळ धंदा. सोबत त्याचा मेव्हणा तानिएल्लो. माणूस सोन्यासारखा, फक्त डोकं जरा उशिरा पोचायचं.

वाटेत आजीनं सगळं सांगितलं. नात रोझाल्बाचं लग्न साबातिनोशी ठरलेलं. आज चर्चमध्ये त्याची घोषणा होती, म्हणून नेहमीची पहाटेची प्रार्थना सोडून दोघी साडेनऊला गेल्या. घोषणा झाली, अर्ध्या गल्लीनं गालाला गाल लावून अभिनंदन केलं, परत यायला अकरा वाजले. बघतात तर खल नाही.

"विहीण घेऊन गेली. ओर्सोला. उत्तरेकडची बाई, सगळ्यात लोणी घालते. सोमवारी खल हातात घेऊन म्हणाली, किती जड आहे. आणि आज तिनं नेलेली चाळणी दाराच्या कडीला लटकत होती. एक वाजता ते मायलेक जेवायला येतायत. तोवर खल आला नाही, तर लग्न मोडलं."

"पोरीला विचारलंस?"

"ती रडतेय. रडू दे."

आजीचं स्वयंपाकघर म्हणजे दहा पावलांची खोली. टेबलावर नव्या संसाराची मांडामांड: तांब्याची पातेली, हातभर लांब लाटणं, पिठाचा लाकडी पाट, चीज किसायची किसणी, मातीचं मडकं, पालथी घालून कॉफी गाळायची किटली. मधोमध एक गोल मोकळी जागा.

"बत्ता कुठाय?" लिबोरियोनं विचारलं.

"बत्ता थोरल्या बहिणीकडे. फिलुमेनाकडे. आईनं मरताना खल मला दिला आणि बत्ता तिला. मी लाकडाच्या दांड्यानं कुटते."

"थोरली येते इथं?"

"अकरा वर्षांत उंबरा चढली नाही. तिच्या नातवाच्या बारशाला मी तिचा गव्हाचा केक कोरडा म्हणाले होते. कोरडाच होता."

"किल्ली?"

"तुळशीच्या कुंडीखाली. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे."

तानिएल्लो तोवर शेगडीपाशी पोचला होता. मोठ्या मातीच्या भांड्यात टोमॅटोचा रस्सा पहाटेपासून हळूहळू रटरटत होता. झाकणाखाली लाकडी चमचा आडवा, दांडा भिंतीकडे. शेजारी एक ताट आणि त्यावर पालथं ताट. त्यानं पाव बुडवला, खाल्ला.

"बुडापासून घेतला, कुठं करपलेला नाही. मीठ जरा कमी."

"तुला कुणी विचारलं?" आजी म्हणाली. "पाऊण तास ढवळला नाही की लागतो तो बुडाला. आज मातेची कृपा." तिनं पालथं ताट उचललं. खाली दोरा बांधलेल्या मांसाच्या गुंडाळ्या. "आणि पोरीनं निघतानाच या काढल्या. दहाच्या पुढे राहिल्या की चिंध्या होतात."

लिबोरियोनं चमच्याकडे पुन्हा एकदा पाहिलं.

रोझाल्बा आतल्या खोलीत नाक पुसत होती. "काका, साबातिनोची आई तसली नाही हो."

"तू सकाळी स्वयंपाकघरात काय काय केलंस?"

"काहीच नाही. केस करत होते. रविवारी आजी मला शेगडीजवळ फिरकू देत नाही."

ओर्सोला समोरच्याच इमारतीत राहायची. "चर्चमधून जरा लवकर निघून आजींची चाळणी परत द्यायला गेले होते. दार बंद, म्हणून कडीला अडकवून आले. खल मला कशाला हवा? मी वाटण यंत्रात करते." मग हळूच म्हणाली, "एक विचारू? त्या रश्श्याला सहा तास कशाला लागतात? माझा तर सगळा एकदम टाकून पाऊण तासात होतो."

"हे आजीसमोर बोलू नका," लिबोरियो म्हणाला.

आजीचा पुतण्या पास्काले जुन्या पितळेचा व्यापारी. त्यानं दोनदा खल मागितला होता. तो अंथरुणातच भेटला. "मी गेलो असतो तर तांब्याची पातेलीपण आणली असती," जांभई देत म्हणाला. "आणि साहेब, जरा शेगडी पेटवून देता का? बायको माहेरी गेलीय. मला ते जमत नाही."

शेवटी फिलुमेना. पंचाहत्तरीची, ताठ. टेबलावर एकच ताट मांडलेलं.

"बहिणीच्या नातीच्या घोषणेला आला नाहीत?"

"बोलावलं नाही, मी जात नाही. थोरली आहे मी."

"मग एक वाजता या. मी बोलावतोय. बत्ता घेऊन या. सोबत जे आणायचं असेल तेही."

लिबोरियो जिना उतरला.

"पास्कालेच," तानिएल्लो म्हणाला. "जुनं पितळ, सरळ आहे."

"तू पाव खाल्लास ना? मग चोर तुला कळायला हवा होता."

एक वाजता सगळे टेबलाभोवती. आजीनं ओर्सोलासमोर ताट ठेवलं नव्हतं. साबातिनो खाली मान घालून बसला होता.

"आजी," लिबोरियो म्हणाला, "तू दीड तास घराबाहेर होतीस. रस्सा पाऊण तासात लागतो. का नाही लागला?"

"मातेची कृपा म्हटलं ना."

"माता चमचा घेऊन उतरत नाही. कुणीतरी ढवळला. आणि गुंडाळ्या कुणी काढल्या?"

"रोझाल्बानं."

"मी नाही," रोझाल्बा म्हणाली. "मला वाटलं, तूच."

आजीनं हातातली पळी खाली ठेवली.

"म्हणजे चोरानं काढल्या. दहाला. ओर्सोलाबाई सगळं एकदम टाकतात, मधूनच गुंडाळ्या काढायच्या हे त्यांच्या गावी नाही. पास्कालेला शेगडी पेटवता येत नाही. गल्लीतली दुसरी कुठलीही बाई रस्सा ढवळेल. पण आजी, परत आल्यावर तुला इथं काहीच खटकलं नाही. पालथं ताट, चमच्याचा दांडा भिंतीकडे. हे कुणी शिकवलं तुला?"

"आईनं," आजी म्हणाली. आवाज खाली आला होता. "झग्याला अडकून भांडं पडेल, म्हणायची."

"तिनं आणखी किती जणींना शिकवलं?"

दारात फिलुमेना उभी होती. हातात बाजाराची पिशवी, जड, एका बाजूला कललेली.

"चोरायलाच आले होते," ती म्हणाली. "सगळ्या गल्लीला बोलावणं, मला नाही. म्हटलं, निदान आईचं भांडं तरी घेऊन जावं. पिशवीत घातलं, निघाले, तेवढ्यात दहाची घंटा झाली. गुंडाळ्या आतच. आणि तुझी आच मोठी, असुंता. पहिल्यापासून मोठी. तासभर ढवळत उभी होते मी. चोरी करायला आले आणि पाय दुखवून गेले."

तिनं खल टेबलावरच्या मोकळ्या जागेत ठेवला. मग पिशवीतून बत्ता काढला आणि खलात सोडला. ठणकन आवाज झाला.

"दोन्ही पोरीला," ती म्हणाली. "मी निघते."

असुंताआजीनं कपाटातून दोन ताटं काढली. एक ओर्सोलासमोर ठेवलं, आणि तिच्याकडे न बघता "चुकले" म्हणाली. दुसरं ताट आपल्या शेजारी.

"बस," ती बहिणीला म्हणाली. "तासभर उभी होतीस तर मीठ का नाही बघितलंस? कमी आहे."

"बघितलं होतं," फिलुमेना खुर्ची ओढत म्हणाली. "घर तुझं. मीठ कसं टाकणार?"

तानिएल्लोनं तिसरा पाव उचलला. "मी सकाळीच सांगितलं होतं," तो म्हणाला.