दोघांपुरते जोंधळे

दारात रावजी उभा पाहताच गोजाबाईच्या हातची भाकरी थापायची राहिली... सासूच्या माघारी ज्या दिराला तिने, विधवा वहिनीने, पोटच्या पोरासारखे वाढवले होते, त्यानेच तिच्या नावाने अंघोळ करून ती मेली असे ठरवले होते! का, तर दुष्काळात ती कुणाला न सांगता सोलापूरला निघून आली. कुणाचा तरी हात धरून पळाली, असे गाव बोलले आणि त्याने ते खरे धरले. यंदा पुन्हा पावसाने डोळे वटारले, तेव्हा बायकोला, दुर्गाला, घेऊन तोही जेऊरला गाडीत बसला. करमाळ्याकडची माणसे ज्या चाळीत उतरतात तिथे कुणीतरी एका खोलीकडे बोट दाखवले, आणि ती नेमकी हिचीच निघाली.

तो आल्या पावली मागे फिरला. पण भुकेल्या दुर्गाचे पाय उचलेनात, ती उंबऱ्यातच बसली, तसा त्यालाही थांबावे लागले.

गोजाबाईने दोघांना जेवू घातले, विचारले काहीच नाही. जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. उठावे, बसावे, विझली चूल फुंकावी... पहाटे भोंगा व्हायच्या आधीच तिने गिरणीत मुकादमाला गाठले आणि दुर्गासाठी काम मागितले. नवी बाई घेता येणार नाही, तू काम सोडलेस तर तुझ्या जागी तुझ्या घरचीला घेईन, असे त्याने साफ सांगितले. गिरणीची रीतच होती ती. सूत गुंडाळायच्या रीळखात्यातल्या त्या एवढ्याशा जागेवर ती कुणापुढे हात न पसरता मानाने जगत होती. तरी तिने दुर्गाचे नाव सांगून टाकले.

परत येऊन ती बोचके बांधू लागली. आता धागा दिसत नाही, गावी जाऊन घर सांभाळते, म्हणाली. रावजीला राहवले नाही.

"मग तवा का गेलता, वैनी? न सांगता?"

"कणगीत तुमा दोघांपुरतंच जोंधळं हुतं. सांगितलं असतं तर तू मला जाऊ दिलं असतंस व्हय?"

रावजीने तिच्या हातचे बोचके ओढून घेतले. वाहत्या डोळ्यांनीच त्याने त्याची गाठ आवळली.

दुर्गा कामावर रुजू झाली आणि तो वहिनीला पोचवायला निघाला. वेशीत गोजाबाईचे पाय अडखळले. पारावरची माणसे उठून उभी राहिली होती, पुढे होऊन एकाने विचारले, हिला कशाला आणलेस?

रावजीने डोक्यावरचे बोचके सावरले.

"माजी आई हाय," तो म्हणाला, "वाट सोडा."