तिसरा ठोका

ही गोष्ट रचलेली नाही. मला रचता आली असती, तर तिचा शेवट मी असा केला नसता.

माझ्या वहिनीसोबत घडलंय हे. रात्र नव्हती, अमावस्या तर मुळीच नव्हती. भर दुपार होती, पत्रे तापले होते आणि आजूबाजूला वीसेक माणसं उभी होती.

दादा गॅसवर चालणाऱ्या नव्या वीजकेंद्रात बॉयलर फिटर होता. केंद्र अजून बांधून व्हायचं होतं. तो घरी समजावून सांगायचा, "गॅस जाळून पहिलं टर्बाइन फिरवायचं. त्याचा गरम धूर वाया न घालवता त्यावर पाणी उकळायचं आणि त्या वाफेवर दुसरं टर्बाइन फिरवायचं. एका शेगडीवर दोन स्वयंपाक! तुझ्या वहिनीनंच काढला असणार हा नकाशा."

"कंजूस म्हणा ना सरळ," असं म्हणत वहिनी उलथनं उगारायची.

तो बॉयलर म्हणजे पाच-सहा मजली लोखंडी पेटी. आत नुसत्या नळ्याच नळ्या. आत शिरताना प्रत्येकानं दाराशी आपलं लाल कुलूप अडकवायचं. त्यावर स्वतःचा फोटो, खाली लिहिलेलं, 'हा माणूस आत आहे.'

आपलं कुलूप आपणच काढायचं. एक जरी उरलं, तरी आग पेटवायची नाही.

आत हाक नीट पोचत नाही. म्हणून नळीवर ठोके द्यायचे. बाहेरचा दोन देतो, म्हणजे 'आहेस ना?' आतला दोन देतो, म्हणजे 'आहे.'

आणि तीन म्हणजे... 'निघालो.'

वहिनीला दिवस गेले, तेव्हा दादा कामावरून आला की तिच्या पोटावर बोटानं दोनदा ठोकायचा. टक्... टक्. आतून लाथ बसली की घर डोक्यावर घ्यायचा, "आहे, आहे! माणूस आत आहे!"

वहिनीला आठवा लागला होता. एका दुपारी दादा जेवायला बाहेर आला. लगेच परत जायचं, म्हणून कुलूप तसंच ठेवलं. कँटीनच्या रांगेत छाती धरून खाली बसला...

उठलाच नाही.

महिन्याभरानं ठमी जन्मली. तिनं बापाचं तोंड पाहिलं नाही. बापाच्या खिशातली त्या कुलपाची किल्ली तेवढी वहिनीच्या जुडग्यात होती. दात शिवशिवायला लागले, की ठमी तीच चघळायची.

मग पहिली आग पेटवून बॉयलर तापवायचा दिवस आला. सगळ्यांची कुलपं निघाली.

एक राहिलं.

साहेब म्हणाले, "कापून टाका."

फोरमनकाका दार अडवून उभे राहिले. "कापायचंच असेल तर त्याच्या शेजारी आधी माझं कुलूप लावतो. मग बसा कापत. नाहीतर सूनबाईला बोलवा."

वहिनी ठमीला शेजाऱ्यांकडे ठेवून गेली. फोटोतला दादा हसत होता. तिनं किल्ली कुलपात घातली. पण हात वळेना.

"आधी आत विचारायचं असतं, पोरी," काका हळूच म्हणाले. "इथली रीत आहे."

वहिनी दारातून आत वाकली. गच्च अंधार. वेल्डिंगचा जळका वास.

"अहो..."



काकांनी तिच्या हातात पाना दिला. तिनं नळीवर ठोकलं. टक्... टक्.

आणि आतून... फार वरून...

टक्... टक्.

साहेबांच्या हातातला वॉकी-टॉकी खाली पडला. "कोण राहिलंय आत? माणसं मोजा!"

सगळे बाहेरच होते. दोघं बॅटऱ्या घेऊन पार वरपर्यंत चढून आले.

आत कोणी नव्हतं.

"उन्हानं लोखंड तडतडतं," साहेब म्हणाले. पण 'पेटवा' म्हणायला त्यांची जीभ उचलेना.

वहिनी पुन्हा वाकली. या वेळी कुणाला सांगावं लागलं नाही.

"अहो, काम झालं तुमचं. सगळे निघाले, तुम्ही एकटेच काय बसलात आत? मुलगी झाली आपल्याला. तुमच्यावरच गेलीय, झोपायचं नाव घेत नाही. चला ना... घरी चला."

ती कान देऊन तशीच वाकून राहिली.

मग... टक्... टक्... टक्.

आतून नाही. बाहेरून. वहिनीच्या अगदी खांद्याजवळ, दाराच्या चौकटीवर.

काकांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून छातीशी धरलं. वहिनीनं किल्ली फिरवली.

दिवस मावळायच्या आत आग पेटली. चिमणीतून धूर निघाला नाही, वर नुसती हवा थरथरत होती. वहिनी फाटकाबाहेर उभी राहून ती थरथर बघत राहिली. हातात उघडं कुलूप.

त्या दिवसापासून ठमी झोपायला लागली. त्याआधी घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. आता दिवेलागणीला पाळण्याच्या लोखंडी दांड्यावर आवाज होतो. टक्... टक्. ठमी टाच दोनदा आपटते. आणि निवांत झोपते.

तिला हे कुणी शिकवलं नाही.

गेल्या आठवड्यात मी माझ्या लहान लेकीला घेऊन माहेरी गेले होते. आवाज ऐकला. लेकीला छातीशी धरून मी दारापर्यंत पळाले. मग वळून पाहिलं.

वहिनी पाळण्याशीच बसली होती. दुसरा ठोका पडला तसा तिनं दांडा दोन्ही हातांनी गच्च आवळला होता. बोटं पांढरी पडली होती.

"वहिनी, अगं काय करतेस?"

तिनं मान वर केली नाही.

"तिसरा पडू द्यायचा नाही, ताई."

मी परत आले. दादा माझाही होता. लेकीला एका कडेवर घेतलं आणि मोकळा हात वहिनीच्या हातांवर ठेवला.

दांडा गरम होता...

आणि आमच्या मुठीत हळूहळू थरथरत होता.