डावीकडची सावली

बॉल रेषेबाहेर जाणार हे दिसताच मयुरानं झेप घेतली, बॉल आत फेकला... आणि स्वतः मात्र थेट स्कोअररच्या टेबलावर जाऊन आदळली. चहाचा ग्लास उलटला, स्कोअरशीट भिजली.

"अगं आई गं!"

"लागलं का?" टेबलामागच्या मुलानं विचारलं — चक्क मराठीत!

१९९५चा नोव्हेंबर होता. दिल्लीतल्या कॉलेजच्या मैदानावर ही भाषा ऐकायला मिळेल असं तिला वाटलंच नव्हतं.

"तुझे अठरा पॉइंट वाहून गेले बघ," ओला कागद झटकत तो म्हणाला. "सेकंड हाफमध्ये परत कर."

तिनं बावीस केले.

त्याचं नाव निहार. पहाडगंजात वाढलेला, तिथल्याच मराठी शाळेत शिकलेला, आता स्टॅटिस्टिक्सच्या तिसऱ्या वर्षाला. ती फरीदाबादची, वडिलांच्या नोकरीपायी सहा वर्षांपूर्वी पुण्याहून आलेली. कॉलेजात पहिलं वर्ष बाकावर बसून काढलं, दुसऱ्या वर्षी टीमची कॅप्टन झाली, आणि आता तिसऱ्या वर्षी ती खेळणार म्हटलं की इतर कॉलेजांच्या मुलीसुद्धा बघायला येत. सराव संपला की दोघं एकाच बसनं नवी दिल्ली स्टेशनपर्यंत जात. तिथून ती फरीदाबादची शटल पकडे, तो चालत घरी जाई.

"तू एवढी उंच कशी यार?"

"पुण्याचं पाणी."

"मग मी पण पिऊन येतो."

"तू आधी मराठी शीक! परवा मला विचारत होतास, घोटा म्हणजे काय."

"टखना! बिल्कुल माहीत होतं मला..."

तो तिच्यापेक्षा दोन इंच बुटका होता. बोलताना मान वर करून बघायचा, आणि त्या बघण्यासाठी ती उगाचच आणखी ताठ उभी राहायची.

जानेवारीत, धुक्याच्या दिवसांत, सरावात कुणाचं तरी कोपर तिच्या डाव्या डोळ्यावर बसलं. काजवे चमकले, मग बरं वाटलं. आठवड्यानं डोळ्यापुढे चिलटांसारखे काळे ठिपके तरंगू लागले. आणि एका सकाळी डाव्या कोपऱ्यात एक करडी सावली येऊन बसली.

मयुरानं कुणालाच सांगितलं नाही. नव्या यंत्रांपायी वडिलांच्या कारखान्यानं अर्ध्या लोकांना मुदतीआधीच घरी बसवलं होतं. तिचे बाबा, अशोकराव, त्यांतलेच एक. खेळाच्या कोट्यातून तिला नोकरी लागेल यावर घरानं आस लावली होती, आणि शनिवारच्या फायनलला निवड करणारे येणार होते. रोज उठल्यावर ती उजवा डोळा तळव्यानं झाकायची आणि श्वास रोखून बघायची. सावली कालच्यापेक्षा बोटभर पुढे सरकलेली असायची.

गुरुवारी स्टेशनवर निहार म्हणाला, "एक विचारू? रागावू नकोस."

त्यानं एक कागद पुढे केला. त्यावर ठिपकेच ठिपके होते. "या गेल्या तीन मॅच. तुझं प्रत्येक बास्केट उजवीकडून. डावीकडून एकही नाही."

"फॉर्म गेलाय माझा."

"एकाच बाजूचा?"

"तू माझ्यावर पाळत ठेवतोस?" तिचा आवाज चढला.

"मयुरा," तो अगदी हळू म्हणाला, "मी केव्हाचा तुझ्या डावीकडे चहा धरून उभा आहे... तू बघितलाच नाहीस."

तिनं मान वळवली. खरंच, त्याच्या दुसऱ्या हातात कुल्हड होता.

"कुणाला सांगू नको. शनिवारनंतर दाखवते डॉक्टरांना, शपथ!"

"मी नाही सांगणार. तूच सांग. पण मला... मला फार भीती वाटतेय गं."

"मलाही," ती म्हणाली. हे मोठ्यानं म्हणण्याची तिची पहिलीच वेळ होती. शटल आली आणि निघूनही गेली. ती तिथेच उभी राहून रडत होती, आणि तिचा हात त्याच्या हातात होता.

त्या संध्याकाळी तिनं बाबांना सगळं सांगितलं. शुक्रवारी डॉक्टरांनी डोळा तपासला. आतला पडदा सुटत होता. आणखी एक धक्का बसला असता तर डोळा गेला असता, म्हणाले, आणि त्याच दुपारी ऑपरेशन केलं.

"और खेलना?" तिनं विचारलं.

"बास्केटबॉल अब नहीं, बेटा."

ऑपरेशननंतर पट्टी बांधून तिला पालथं झोपवलं. दिवसरात्र मान पलंगाच्या कडेबाहेर, खाली. उजव्या डोळ्याला फक्त फरशी दिसे. शनिवारी दुपारी, फायनल सुरू व्हायच्या वेळेला, त्या फरशीवर दोन बूट आले. मग निहार सरपटत तिच्या डोक्याखाली शिरला आणि उताणा होऊन तिच्या तोंडासमोर आला.

"अरे! स्कोअर कोण लिहितंय?"

"लिहील कुणीतरी."

संध्याकाळी निरोप आला, टीम चार पॉइंटांनी हरली. मयुराचे अश्रू टपटप त्याच्या शर्टावर पडत राहिले. तो हलला नाही.

"निहार... पट्टी काढल्यावर काहीच दिसलं नाही तर?"

"तर मी उजवीकडे उभा राहीन."

"आणि दिसलं तर?"

"तर कुठे उभं राहायचं ते तू सांग." त्याचे कान लाल झाले होते. "म्हणजे... तुला हवं असेल तर."

पलंगावरून तिचा हात खाली आला आणि त्याच्या केसांत थांबला.

सोमवारी पट्टी निघाली. नर्सनं उजवा डोळा झाकला. डॉक्टरांचा प्रश्न मयुराला दोनदा ऐकावा लागला. "क्या दिख रहा है?"

आधी नुसतं धुकं. मग धुक्यात एक उंच आकृती, आणि तिच्या शेजारी एक बुटकी.

"बाबा?"

"हो गं, मीच," अशोकराव तिच्याजवळ वाकले.

"आणि तुमच्या बाजूला तो थरथरतोय ना, बाबा..." तिनं खोल श्वास घेतला, "तो माझा आहे."

अशोकरावांनी निहारकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग कोपऱ्यातलं स्टूल पुढे ओढलं.

"बस रे बाबा," ते म्हणाले. "पडशील नाहीतर."